काणाडोळा

ऑपरेशन उत्तम झालं, सर्जन म्हणाला.
तक्त्यावरची शेवटची ओळ मी घडाघडा वाचली,
फक्त ती दोनदा होती, हे सांगायचं राहून गेलं.

घरी आले तर दारात दोन अच्युत.
एक जागच्या जागी,
दुसरा चार बोटं खाली, किंचित कलता,
खिळ्यावरून घसरलेल्या तसबिरीसारखा.
दोघांचंही एकच म्हणणं: चहा टाकू का?
म्हटलं, एकाने टाका, दुसऱ्याने कालची भांडी घासा.
हसले दोघे. भांडी माझ्यासाठीच राहिली.

मग आठवडाभर
कपाच्या शेजारच्या कपात चहा ओतला,
म्हणजे टेबलावर.
जिन्याच्या चौदा पायऱ्यांच्या अठ्ठावीस झाल्या,
प्रत्येकीपाशी पाय विचारायचा,
यातली दगडाची कुठली?

डंडीच्या त्या दवाखान्यात आयली नावाची मुलगी,
नाकात बारीक चमकी,
काचांचा दांडा माझ्या डोळ्यापुढे वरखाली सरकवत
वीस मिनिटं गप्प होती. मग म्हणाली,
लहानपणी डोळा तिरळा होता का?

साठ वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं.
कराडच्या शाळेत विचारायची गरजच नव्हती,
चकणे, अशी हाक होती.
आणि बघायला आले त्या दिवशी
आई कानाशी लागून म्हणाली, मान वर करू नकोस.
मुलगी लाजाळू आहे, असं त्यांच्याकडच्यांनी ठरवलं.

आयली समजावत होती:
दोन डोळे दोन चित्रं धाडायचे, जुळेनात,
म्हणून मेंदूने डाव्याचं टपाल घेणंच बंद केलं.
पुढे त्यातच मोतीबिंदू पिकला, कुणाला पत्ता नाही.
आता काच नवी, उजेड लख्ख,
आणि तो दार वाजवतोय, माझंही बघा.

याला आमच्यात काणाडोळा म्हणतात, मी सांगणार होते.
पण तिला ते समजवायला आधी मराठी शिकवावी लागली असती.

घड्याळांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं
उजव्या डोळ्यात भिंग खुपसून
केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या मी.
बाकीच्या बायका दुसरा डोळा मिटून घ्यायच्या,
दुपारपर्यंत त्यांचा गाल ठणकायचा.
माझा उघडाच. मिटायची गरज पडत नसे.
नशीबवान आहेस, मुकादमीण मोराग म्हणायची.
तो बिचारा एकोणीस वर्षं
काय बघत बसला असेल, कुणास ठाऊक.

दोन डोळे शेजारी, भेट नाही संसारी.
बरं होतं तेच. भेट झाली आणि भांडण लागलं.

चष्म्यावर आता एक पातळ चकती चिकटवली आहे,
कंगव्याच्या दातांसारख्या बारीक रेघांची.
तिच्यातून जग धुरकट, पण एकच.
अच्युतही एकच. त्याला रात्री विचारलं,
बघायला आला होतास तेव्हा कळलं होतं?
वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाला,
पाण्याचा पेला देताना तू माझ्याकडे बघितलंस,
आणि त्याच वेळी दाराकडेही.
म्हटलं, ही लांब जाणार.

संध्याकाळी टे नदीच्या काठाने चालताना
कधी कधी मी चष्मा काढते. आयलीला सांगू नका.
रेल्वेचा पूल आहे, आणि त्याला लागून पाण्यात
आधीच्या पुलाचे बुंधे, ओळीने उभे,
जो वादळात गाडीसकट कोसळला तो.
बघता बघता पूल सुटा होतो, एकाचे दोन,
डाव्या डोळ्याचा खाली सरकत सरकत
नेमका त्या बुंध्यांवर जाऊन बसतो.
एडिंबराची गाडी निघते, दिवे लावून,
दोन्ही पुलांवरून.
वरचीची मला काळजी नसते.
खालची पलीकडच्या काठाला लागेपर्यंत
मी पापणी लवू देत नाही.